पगारे साहेबांचा पिकअप

ज्या कुणी पगारे साहेबांचं नाव शांतवन ठेवलं, त्याला पुढे काय वाढून ठेवलंय याची सुतराम कल्पना नसावी. शांतवन म्हणजे सांत्वन, जिवाला निवांतपणा. मी या माणसाच्या हाताखाली नागापूरच्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये उभी हयात काढली, वर सावेडीत त्यांच्याच कॉलनीत घर घेण्याचा गाढवपणा केला. या सगळ्या काळात मला निवांतपणा मिळाला तो फक्त रविवारी सकाळी, ते चर्चला जात तेव्हा. तिथेही ते पाळकसाहेबांचा उपदेश घड्याळ लावून ऐकतात, असं त्यांच्या मुलीनं, रूथनं, मला सांगितलं होतं.

माणूस अंगानं अगदी किरकोळ. वारा जोरात आला तर खांबाला धरून उभा राहील असा. शर्टाच्या खिशात मात्र पेनाऐवजी स्टीलची पट्टी. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक नग त्यांच्या टेबलावरून जायचा आणि तीनदा मोजल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. हे ठीक आहे, पगार त्याचाच होता. पण कंपनीच्या गेटबाहेर वडापाव घेतला तरी ते तो फिरवून फिरवून बघत आणि म्हणत, "वडा मधोमध नाही. रिजेक्ट." वडेवाला बिचारा दुसरा द्यायचा. मग दुसरा आणि पहिला यांची तुलना. तोवर जेवणाची सुट्टी संपायची आणि माझ्या हातातला चहा गार.

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. "आज ऊन फार आहे" म्हटलं तरी त्यांचं ठरलेलं उत्तर, "कशावरून? सिद्ध करा." आता घामाघूम झालेल्या माणसानं ऊन कसं सिद्ध करायचं?

बायको गेली तेव्हा रूथ शाळेत होती. पुढे तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं, वेण्यासुद्धा घातल्या. त्या वेण्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारख्या असत, हे सांगायला नको. तिच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा मात्र आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. हा मुलगा बोलताना डोळे मिचकावतो, रिजेक्ट. तो चालताना डावा पाय ओढतो, रिजेक्ट. एक तर बिचारा हसला म्हणून गेला. शेवटी श्रीरामपूरच्या विनय गायकवाडचं स्थळ आलं. पगारेंनी चष्मा पुसला आणि प्रश्नांना सुरुवात करणार, एवढ्यात रूथ आतून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पप्पा, हा पास आहे. मी केलाय." आयुष्यात पहिल्यांदा पगारेंच्या टेबलावरून एक नग न मोजता पुढे गेला.

रूथ सासरी गेली आणि घर रिकामं झालं. महिन्याभरात पगारेंनी पुण्याच्या एका डॉक्टरांची वापरलेली गाडी आणली. पांढरी, जर्मन, दोन लिटर टर्बो पेट्रोल. दारात उभी राहिली तर शेजारच्याला स्कूटर काढता येईना. मी म्हटलं, "साहेब, एकट्या माणसाला एवढी गाडी कशाला?" ते म्हणाले, "श्रीरामपूर सत्तर किलोमीटर आहे काळे. लेकीचा फोन आला की पोचलो पाहिजे." मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य. पुढे ते मी विसरलो, कारण ते स्वतःच विसरले.

याला कारण त्यांचे व्याही, सॉलोमन गायकवाड. कापसाचे व्यापारी. पोट मोठं, मिशी मोठी, आवाज तर असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागे. मुलीचा बाप असल्या गाडीतून येतो आणि बघायला गल्ली गोळा होते, हे मुलाच्या बापाला कसं सोसणार? साखरपुड्यापासून सगळा मान आपल्याकडे घ्यायची सवय लागलेली. दोन-तीन महिन्यांत त्यांनी मुंबईहून तीन लिटर डिझेलची काळी गाडी आणली. तीही जर्मनच, पण दुसऱ्या घराण्यातली. तिथून जे सुरू झालं, ते सांगताना आजही माझं डोकं उठतं.

पगारेंचं दैवत पिकअप, म्हणजे उभ्या जागेवरून शंभराला गाडी किती झटक्यात पोचते ते. सॉलोमन टॉपचे भक्त, म्हणजे शेवटी काटा कुठवर जातो ते. भेटले की "सलाम, व्याही" म्हणून हात जोडायचे आणि चहा यायच्या आत जुंपायची.

"पगारे, त्या पिकअपचं काय कौतिक सांगता? उडी तर बेडूकबी मारतो. म्होरं जातो का? टॉप बगा, टॉप!"

"टॉपला पोचायला रस्ता लागतो व्याही. तुमचा टॉप कागदावरचा. सिद्ध करा."

"आन तुमचा पिकअप कोनी बगितलाय? वडापाव आनायला जाताना?"

हा टोला मात्र वर्मी बसण्यासारखा होता. कारण खरी गोष्ट अशी की पगारे चाळीसच्या वर गाडी नेतच नसत. मी एकदा, फक्त एकदा, त्यांच्याबरोबर श्रीरामपूरला गेलो. हंगाम ऊसतोडीचा. राहुरीच्या अलीकडे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढे लागला. टेपवर गाणी लावून तो आपला डुलत चाललेला. पगारे त्याच्या मागे. मागून एसटी गेली, टेम्पो गेला, एक म्हातारा मोपेडवर चाऱ्याचा भारा घेऊन गेला आणि जाताना त्यानं वाकून आमच्याकडे दयेनं पाहिलं. इकडे पगारे मला समजावतायत, "आपल्या गाडीला ओव्हरटेकला किती ताकद आहे माहितीय काळे? नुसता पाय ठेवायचा अवकाश."

"मग ठेवा ना!" मी ओरडलोच.

"गरज काय? ताकद आहे हे माहीत असलं की झालं."

श्रीरामपूर येईपर्यंत मी दोनदा खाली उतरून चालत जायचा विचार केला.

त्यात रूथचं एक प्रकरण होतं, आणि माझा खरा राग तिथे आहे. पोरीला गाडी शिकायची होती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तीच किल्ली हातात घेऊन. "पप्पा, शिकवा ना." पगारेंनी किल्ली काढून घेतली आणि म्हणाले, "आधी थिअरी." मग तिला व्हरांड्यात बसवून टॉर्क म्हणजे काय, टर्बो कसा फिरतो, ब्रेक दाबल्यावर वजन पुढच्या चाकांवर कसं येतं, हे सुरू. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच, वर उजळणी. एकदा ती हळूच ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली, तर यांनी दार उघडून तिला खाली उतरवलं. "घासली-बिसली तर?" मला हे दिसत होतं की तिचा चेहरा पडला. तिनं विचारलं, "गाडी घासली तर, की मी?" हे बोनेट पुसायला लागले. मी त्या दिवशी त्यांना तोंडावर सांगितलं, "साहेब, पोर गाडीसाठी नाही विचारत. तुमच्या शेजारी बसायचंय तिला." तर म्हणतात, "कशावरून?"

नाताळाला मी दरवर्षी त्यांच्याकडे जेवायला असायचो. त्या वर्षी गायकवाड मंडळीही आली होती. पाळकसाहेब जेवणाआधीची प्रार्थना करत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले. पाळकसाहेब म्हणाले, "बापा, आम्हाला धीर दे..." आणि सॉलोमननी, डोळे मिटलेलेच ठेवून, ज्याला ते कुजबूज समजत त्या आवाजात म्हटलं, "अडीचशे! परवा कंपनीच्या मानसानं सांगितलं." पगारे तसेच डोळे मिटून म्हणाले, "सिद्ध करा." आमेन व्हायच्या आत दोघं उभे राहिले होते. तुमच्यात मोठ्या मनाचं कुणी नाहीच, असं एक म्हणाला. मुलीकडच्यांनी आवाज चढवू नये, असं दुसरा म्हणाला. विनय बिचारा दोघांच्या मध्ये बिर्याणीचं पातेलं धरून उभा. रूथनं हातातलं ताट खाली ठेवलं. ती रडली वगैरे नाही. तिनं शांतपणे नवऱ्याला म्हटलं, "चल, निघू." आणि बापाकडे वळून, "पप्पा, माझ्या घरी गेलं की तुमची गाडी, इथं आलं की अण्णांची गाडी. मी कुणाच्या हिशोबातच नाही. तुमचं दोघांचं एकदाचं मिटेपर्यंत मी येणार नाही, आणि तुम्हीही येऊ नका."

सासऱ्याला ती अण्णा म्हणायची.

ती आपल्या बोलाला जागली. शेवटी मुलगी पगारेंचीच. ईस्टरला आली नाही. पगारेंच्या वाढदिवसाला फोन आला, पण स्वतः आली नाही. पगारे रोज गाडी पुसायचे आणि फाटकाकडे बघायचे. माणूस वाळत चालला होता आणि मुळात वाळायला त्याच्यात होतं काय? मी म्हटलं, "साहेब, जा आणि म्हणा, तुमची गाडी भारी. एक वाक्य आहे. त्यानं जगबुडी होणार नाही." ते म्हणाले, "खोटं कसं बोलू?" मला वाटलं त्यांच्या डोक्यात ती स्टीलची पट्टी घालावी.

त्यापेक्षा सोपा उपाय त्यांनी काढला, म्हणजे त्यांना सोपा वाटलेला. गाड्या पळवूनच बघायच्या. व्याह्यांनी फोनवर "या की!" म्हणून अख्ख्या श्रीरामपूरला ऐकू जाईल असं आव्हान घेतलं. जागाही ठरली. राहुरीच्या पुढे एक नवा बायपास तयार होऊन पडला होता. फीत कापायला कुणाला वेळ होत नव्हता म्हणून दोन्ही तोंडांना दगड लावून रस्ता बंद. सरळसोट, कोरा करकरीत.

मग पगारेंच्या अटी सुरू झाल्या. दोन्ही गाड्यांत इंधन अर्धी टाकी. टायरमध्ये हवा एकाच पंपावरची, गार टायरमध्ये भरलेली. एसी बंद. आरसे उघडे. गाडीत दोघं दोघं माणसं. पुढे त्यांच्या लक्षात आलं की वजनानं सॉलोमन एकटेच आम्हा दोघांएवढे. म्हणून वजन सारखं करायला आमच्या मागच्या सीटवर सरकीची पोती. ती पोती पाठवायला सांगितली कुणाला, तर सॉलोमननाच. आणि त्यांनी पाठवलीसुद्धा! आठवडाभर रोज संध्याकाळी येऊन पगारे एखादी नवी अट मला ऐकवत होते. "आता काही राहिलं नाही काळे," असं शेवटी म्हणाले तेव्हा चेहऱ्यावर असं समाधान, जणू काही मुलीचं घर वाचवलं.

ठरल्या सकाळी आम्ही पोचलो तर कोऱ्या रस्त्याच्या एका अंगाला लांबवर मका वाळत घातलेला. फीत कुणी का कापेना, दगड बाजूला सारून उद्घाटन शेतकऱ्यांनी केलं होतं. मक्याशेजारी एक म्हातारी दाताळ्यानं दाणे उलटे-सुलटे करत उभी होती. आमचा बेत ऐकून ती म्हणाली, "पळवा की. पन माज्या मक्यावं धुरळा उडला तर गाडीम्होरं आडवी पडंन. सांगून ठिवते." पगारेंनी तिलाच इशारा द्यायची विनंती केली. दाताळं वर गेलं की निघायचं. ती म्हणाली, "एवडी शानीसुरती मानसं, आन कामधंदे न्हाईत व्हय रं?" मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

काळी गाडी आली आणि आमच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. काच खाली झाली. सॉलोमन डाव्या सीटवर बसलेले, डोळ्यांवर हिरवट काळा चष्मा.

"हे काय व्याही? ड्रायव्हर भाड्यानं आणला?" पगारे म्हणाले.

"डोळ्याचं आपरेशन झालंय. डाक्टरनं गाडी बंद केलीय माजी. घरात आता हीच चालवती." सॉलोमन सीटला टेकून मागे सरकले.

स्टिअरिंगवर रूथ होती. "सलाम, पप्पा."

कितीतरी महिन्यांनी लेक दिसलेली. पगारे म्हणाले काय, तर, "रिजेक्ट! हे चालणार नाही!"

"कुठल्या अटीत बसत नाही सांगा," रूथ म्हणाली.

पगारे बोटांवर अटी मोजायला लागले. हवा, टाकी, आरसे, सरकी, सगळ्याची अट होती. गाडी कोण चालवणार, हे ठरवायचं त्यांना सुचलंच नव्हतं. एवढ्या मोजणाऱ्या माणसानं गाडी मोजली होती, माणूस मोजलाच नव्हता.

"हिला गाडी येते?" त्यांनी सॉलोमनना विचारलं.

"मला विचारा ना, मी इथं बसलेय."

"कुणी शिकवलं?"

"अण्णांनी. तुमची थिअरी संपेना."

सॉलोमन, जे गप्प राहणं हा रोग समजत, ते समोर काचेतून मक्याकडे बघत राहिले. आणि तेवढ्यात म्हातारीला कंटाळा आला असावा, तिनं दाताळं वर केलं.

रूथची गाडी हलली तशी आमचीही उसळली. पगारेंनी खरोखर पाय ठेवला होता! सरकीची पोती मागच्या सीटवर धाडकन आदळली. सीटमध्ये पाठ रुतली आणि मी, ज्यानं या सगळ्याला इतकी वर्षं शिव्या दिल्या तो मी, ओरडलो, "निघालो साहेब! पुढं निघालो!" पिकअप होता. देवाशपथ सांगतो, होता. अर्ध्या गाडीनं आम्ही पुढे होतो.

मग उजवीकडून घरघर जवळ आली आणि काळी गाडी आमच्या बरोबरीला आली. पगारेंनी समोर बघायला हवं होतं. ते उजवीकडे बघत होते.

"काळे, हात बघा तिचे. स्टिअरिंगवर हात कसे धरलेत बघा."

"साहेब, पुढं बघा!"

"मान नाही हलवली. नुसत्या डोळ्यांनी आरसा बघितला तिनं."

काटा शंभरावर गेला, आणि मला जाणवलं, आमच्या गाडीचा आवाज उतरला. पगारेंनी पाय उचलला होता. मी चवताळलो. "दाबा साहेब! अजून ताकद शिल्लक आहे! दाबा!"

"मी दाबलं तर ती दाबणार," पगारे म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "माझीच आहे ती."

काळी गाडी सपकन पुढे गेली. ते तिच्याकडे बघत तोंडातल्या तोंडात "हळू, बाळा, हळू" म्हणत राहिले. इतके महिने भांडून ठरवलेल्या शर्यतीत आम्ही शेवटचा टप्पा सायकलच्या चालीनं गेलो.

सॉलोमन खाली उतरून वाटच बघत होते. "टॉप! झालं का सिद्द? का आजून काय राह्यलंय?" मी मनात म्हटलं, आता वाऱ्याची दिशा निघणार, रस्त्याचा उतार निघणार. पगारे त्यांच्यासमोरून तसेच पुढे गेले. रूथ गाडीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. भांडायच्या तयारीनं.

"घरी कधी येशील?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दोघं थांबलात की."

"थांबलो." मग काळ्या गाडीकडे बोट दाखवून, "आत्ता मला तुझ्या घरी ने. तू चालव. मी शेजारी बसतो."

तिच्या हाताची घडी सुटली. तिनं नाक पुसलं. सॉलोमन, त्यांच्या मिशीची शपथ, मी स्वतः पाहिलं, त्यांनी पुढचं दार व्याह्यांसाठी उघडून धरलं आणि आपण मागच्या सीटवर पोट सांभाळत कसेबसे शिरले. मुलाच्या बापानं मागे बसायचं म्हणजे त्या घराण्यात भूकंपच म्हणायचा.

पगारे बसता बसता मागे आले, माझ्या हातात पांढऱ्या गाडीची किल्ली ठेवली आणि वळले. मी म्हटलं, "अहो साहेब! मला गाडी कुठं येते? आयुष्यभर कंपनीच्या बसनं गेलो मी!" त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. अशा माणसाबरोबर माझं आयुष्य गेलं, आता काय बोलणार?

पुढे काही महिन्यांनी ते श्रीरामपूरलाच राहायला गेले, रूथच्या घराशेजारची गल्ली. तिथं आता दोघं व्याही मिळून तिसऱ्याच कुणाच्या गाडीशी भांडतात म्हणे. कॉलनीत शांतता आहे आणि ती मला खायला उठते, हा त्यांनी जाता जाता दिलेला शेवटचा ताप. पण पगारे म्हटलं की मला ते दिसतात त्या सकाळचे. मी बायपासवर उभा, मागे सरकीनं भरलेली गाडी, म्हातारी दाताळं घेऊन तिथवर चालत आलेली आणि ओरडतेय, "आरं, ही गाडी हितनं कवा हलवनार हायेस? मला मका पसरायचाय." आणि दूर चाललेली ती काळी गाडी. अडीचशेचा टॉप असलेली ती गाडी रूथ बैलगाडीच्या चालीनं नेत होती. तरी डाव्या खिडकीतून एक काटकुळा हात बाहेर आलेला, तळवा खाली करून हवा दाबत होता, हळू, अजून हळू.